अन्नपूर्णा परिक्रमा: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारी ही वाट मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्यातून वर चढत जाते, ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड ओलांडते आणि पलीकडे काली गंडकीच्या खोऱ्यात उतरते. परदेशी पदयात्रींसाठी ती १९७७ मध्ये खुली झाली. भातशेती आणि केळीच्या झाडांपासून सुरू होऊन चीड आणि इतर सूचिपर्णी झाडांची जंगले, याकांची कुरणे, बर्फाची खिंड आणि त्यानंतर तिबेटच्या पठारासारखा कोरडा मुलूख एकाच प्रवासात पायी पाहता येतो, अशा वाटा जगात मोजक्याच आहेत. तिच्यासाठी दोर, कुदळ किंवा गिर्यारोहणाचे शिक्षण लागत नाही. रोज पाच ते सात तास चालण्याची सवय आणि हातात पुरेसे दिवस एवढेच लागते, आणि यातले दुसरेच आपल्याकडे कमी पडते. म्हणून सुरुवातीलाच आग्रहाने सांगतो की रजा कमी असेल तर ही यात्रा पुढच्या वर्षावर ढकलावी, पण तिचे दिवस कापू नयेत. घरून निघून घरी परतेपर्यंत किमान तीन आठवडे हाताशी असावेत.

हा आग्रह विशेषतः आपल्या भागातील लोकांसाठी आहे. जळगाव, भुसावळ, धुळे ही गावे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीचशे मीटर उंचीवर आहेत आणि तापीकाठच्या माणसाच्या शरीराला विरळ हवेची कसलीही सवय नसते. त्यात आता मर्स्यांगदीच्या खोऱ्यातून थेट खिंडीअलीकडच्या मनांग गावापर्यंत जीप जाते. गोरखपूरच्या मैदानातून निघालेला माणूस मनात आणले तर दोन-तीन दिवसांत ३,५४० मीटरवर पोहोचू शकतो आणि तिथेच अंथरूण धरतो. परिक्रमेची जुनी पायवाट गावागावांतून हळूहळू चढते, आणि तो संथ चढच आपले सर्वांत मोठे संरक्षण आहे.

केव्हा जावे

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे दोन हंगाम योग्य. पावसाळा संपल्यावर आकाश स्वच्छ असते आणि शिखरे दिवसभर दिसतात; मात्र त्याच सुमारास नेपाळात दशैं आणि तिहार हे सण येतात, बसगाड्या भरून वाहतात आणि वाटेवरील लॉजमध्येही गर्दी होते. शिवाय शेतकरी घरातल्यांना कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घर सोडणे अवघड जाते. त्यांच्यासाठी हरभरा-गहू घरात आल्यानंतर निघून आखाजीच्या आत परतणे अधिक सोयीचे, आणि त्या दिवसांत परतीच्या वाटेवरील घोरेपाणीच्या जंगलात गुराँसची (ऱ्होडोडेंड्रॉनची) झाडे लाल फुलांनी भरलेली असतात. मार्चच्या पूर्वार्धात खिंडीवर बर्फ जास्त असू शकतो, एवढे लक्षात ठेवावे. जून ते सप्टेंबर मात्र टाळावेच, कारण खालच्या खोऱ्यात दरडी कोसळतात आणि जळवांचा त्रास होतो.

चांगल्या हंगामावरही डोळे मिटून विसंबू नये. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी, ऐन हंगामात, बंगालच्या उपसागरातील हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे या भागात प्रचंड हिमवर्षाव झाला आणि थोरोंग ला व आसपासच्या भागात ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे मनांग सोडण्यापूर्वी पुढच्या तीन-चार दिवसांचा अंदाज विचारावा, आणि बंगालच्या उपसागरात वादळ असल्याची बातमी असेल तर ते निवळेपर्यंत खाली थांबावे.

शरीराची तयारी

तयारीला चार महिने द्यावेत. त्यासाठी कुठल्याही महागड्या व्यायामशाळेची गरज नाही, कारण उत्तरेला सातपुडा उभा आहे. नंदुरबारकरांना तोरणमाळ आणि अस्तंबा जवळ आहेत. दिवाळीतील अस्तंबाची यात्रा करणाऱ्यांना रात्रीचा चढ, दगडांवर जपून टाकलेले पाऊल आणि झोपेविना चाललेले तास हे सारे ठाऊक असते, आणि थोरोंग लाच्या पहाटे नेमके तेच लागते. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला आठवड्यातून दोनदा, पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन, चढता-उतरता येतो. चाळीसगावकरांना पाटणादेवीचा डोंगरपरिसर आहे. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांनी किंवा मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालणाऱ्यांनी सलग अनेक दिवस चालण्याची खरी परीक्षा आधीच दिलेली असते. त्यांनी केवळ चढ-उताराचा आणि ओझ्याचा सराव वाढवावा.

उतरण्याचा सराव विशेष करावा. खिंडीपासून मुक्तिनाथपर्यंत एकाच दिवसात सुमारे १,६०० मीटर उतरावे लागते आणि तिथे गुडघे बोलू लागतात. दोन्ही हातांत काठ्या असतील तर गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो. त्या वापरण्याची सवय घरीच करावी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा सराव पहाटे सूर्योदयापूर्वीच उरकावा. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि आपण किती उंचीवर जाणार आहोत हे त्यांना आकड्यासह सांगावे. उत्तम तब्येत असलेल्यालाही उंचीचा त्रास होतो. किंबहुना तगडा तरुण वेगाने चढतो, म्हणून त्यालाच तो अधिक वेळा गाठतो.

प्रवास, कागदपत्रे आणि पैसा

भुसावळमार्गे गोरखपूरला थेट रेल्वेगाड्या जातात. कुशीनगर एक्सप्रेस त्यातली ओळखीची. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, आणि या मार्गावर वर्षभर गर्दी असल्याने पहिल्याच दिवशी तिकीट काढावे. गोरखपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा आहे. ती पायी ओलांडून भैरहवा गाठावे, तिथून नारायणगढ, मुग्लिंग आणि डुम्रे या मार्गाने बेसीसहर या लमजुंग जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचावे. सलग प्रवासाने अंग आंबून जाते, म्हणून वाटेत एक रात्र थांबणे हिताचे.

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ असावे. प्रौढांनी केवळ आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रवेश परवाना काठमांडूत किंवा पोखऱ्यात काढून घ्यावा; सार्क देशांच्या नागरिकांना त्यात सवलत आहे. नेपाळच्या पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना परवानाधारक गाईड बंधनकारक केला आहे. नियम बाजूला ठेवला तरी प्रथम जाणाऱ्याने गाईड घ्यावाच असे माझे स्पष्ट मत आहे. भाषा, मुक्काम, हवामान आणि आजारपण या चारही बाबतींत त्याचा आधार होतो. भारवाहक ठेवल्यास दोघांचे मिळून वीस किलोपेक्षा जास्त ओझे त्याच्या पाठीवर देऊ नये, आणि त्याच्याकडे खिंडीसाठी पुरेसे उबदार कपडे व बूट आहेत ना हे निघण्याआधी स्वतः पाहावे. तो आपल्यासाठी चढणार आहे, त्यामुळे ही जबाबदारी आपली आहे.

शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. सीमेवर मोठ्या भारतीय नोटांनी अडचण होऊ शकते, म्हणून शंभरच्या नोटा नेऊन बदलून घ्याव्यात. बेसीसहर सोडल्यावर खिंडीपलीकडच्या जोमसोमपर्यंत रोख रकमेवरच भागवायचे आहे असे धरून चालावे. विम्याच्या कागदावर किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात बसते का, ही दोन वाक्ये शोधून वाचावीत; कित्येक साध्या प्रवास विम्यांत ती नसतात.

सामानाबद्दल थोडक्यात. आपला मुलूख कापसाचा असला तरी या वाटेवर अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते. लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा आतला थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा कोट, असे थर घालावेत. उणे दहा अंशांपर्यंत चालणारी झोपपिशवी, दोन-तीन महिने पायात रुळलेले बूट, गॉगल, विजेरी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि मोबाइलसाठी पॉवर बँक एवढे पुरते. नेपाळ टेलिकॉमचे सिम घ्यावे. मनांगच्या बाजूला त्याचीच सेवा बरी मिळते. शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा ठेचा अवश्य न्यावा. उंचीवर भूक मरते, तेव्हा डाळभाताबरोबर जिभेला ओळखीची चव मिळाली की चार घास जास्त जातात.

वाट आणि गावे

ही परिक्रमा पूर्वेकडून, म्हणजे मनांगकडून मुक्तिनाथकडे करावी. उलट दिशेने गेल्यास मुक्तिनाथच्या ३,७६० मीटरपासून खिंडीपर्यंत साडेसोळाशे मीटर एका दमात चढावे लागतात आणि वाटेत मुक्कामाच्या सोयी फार कमी आहेत.

बेसीसहर ७६० मीटरवर आहे. खुदी, भुलभुले, बाहुनडाँडा, जगत हा पहिला टप्पा दमट आणि हिरवा आहे. गुरुंग आणि ब्राह्मणांची गावे, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, नदीवरचे झुलते पूल. वेळ कमी असणाऱ्यांनी हा टप्पा जीपने गाठला तरी चालेल, कारण इथे उंचीचा प्रश्न नसतो. धारापाणीपासून (१,८६० मीटर) मात्र पायी चालावे. इथून मोटाररस्ता टाळून जाणाऱ्या पायवाटा आखलेल्या आहेत. लाल-पांढरे पट्टे मुख्य पायवाटेचे आणि निळे-पांढरे पट्टे बाजूच्या वाटांचे; हे पट्टे दगडांवर, झाडांवर शोधत चालले की जीपची धूळ बरीच चुकते.

चामे हे मनांग जिल्ह्याचे मुख्य ठिकाण २,६७० मीटरच्या सुमारास आहे. त्यापुढे भ्रताङच्या सफरचंदाच्या बागा लागतात आणि मग नदीपलीकडे पाऊंगदा डाँडाची एकसंध, वळलेली प्रचंड कातळभिंत उभी राहते. स्थानिक लोक मृतांचे आत्मे हिच्यावरून स्वर्गाला जातात असे मानतात. ढुकुरपोखरी ओलांडल्यावर पिसांगला वाट फुटते, आणि येथे एक निर्णय करावा लागतो. खालची वाट सपाट आणि सोपी आहे. वरची वाट अप्पर पिसांगहून घ्यारू आणि ङावलकडे जाते आणि कष्टाची आहे, पण तीच धरावी. पिसांगच्या पुढे पाचूसारखे एक लहानसे तळे लागते, मग झुलता पूल, आणि त्यानंतर घ्यारूचा उभा, नागमोडी चढ. वर पोहोचल्यावर समोर अन्नपूर्णा २ आणि गंगापूर्णा डोळ्यांच्या पातळीवर आल्यासारख्या दिसतात. या वाटेवर दोन रात्री ३,३०० ते ३,७०० मीटरच्या दरम्यान झोपल्याने मनांगला पोहोचेपर्यंत शरीर पुष्कळ सावरलेले असते.

घ्यारूची घरे जरा थांबून पाहावीत. दगडी भिंती, एकमेकांना खेटून बांधलेले मातीचे सपाट छत, छतावर जाण्यासाठी एकाच ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी, कडेने रचलेले जळण आणि मधोमध वाळत घातलेले फापर, म्हणजे कुट्टू. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत वाढलेल्याला ही रचना लगेच समजते. पाऊस कमी, म्हणून उतरत्या छपराची गरज नाही, आणि अंगणासाठी सपाट जागा नाही, म्हणून छत हेच अंगण. अन्नपूर्णेची रांग मोसमी ढग अडवते आणि तिच्या मागे हा कोरडा प्रदेश उरतो. खालच्या गावांतील उतरत्या छपरांची घरे आठवली तर हा फरक चार दिवसांच्या चालीत डोळ्यांसमोर घडलेला दिसतो.

गावाच्या वेशीत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती असतात. त्या नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे. प्रार्थनाचक्रेही उजव्या हातानेच, घड्याळाच्या दिशेने फिरवावीत. माणसांचे, विशेषतः वृद्धांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. लॉज चालवणाऱ्या स्त्रीला 'दिदी' आणि गाईडला 'दाइ' म्हणावे. खोलीचे भाडे नाममात्र असते, कारण लॉजची कमाई जेवणावर होते. त्यामुळे जिथे झोपायचे तिथेच जेवावे. उंची वाढत जाते तशा किमती वाढतात, कारण प्रत्येक पोते खेचरांनी किंवा जीपने वर आणलेले असते. तिथे घासाघीस करू नये.

ब्रागाचा जुना गोम्पा (बौद्ध मठ) पाहून मनांगला (३,५४० मीटर) यावे, आणि इथे दोन रात्री काढाव्यात. ही विश्रांती लॉजमध्ये पडून घ्यायची नसते. दिवसा गंगापूर्णा तलावाच्या वरच्या टेकडीवर किंवा, ताकद असेल तर, ४,६०० मीटरवरील किचो तालापर्यंत चढून रात्री पुन्हा खाली झोपायला यावे. दिवसा उंच आणि रात्री खाली, या क्रमाने शरीर विरळ हवेशी जुळवून घेते. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्य केंद्र आहे आणि हंगामात तेथील डॉक्टर दररोज उंचीच्या आजारावर माहिती देतात. ते व्याख्यान चुकवू नये.

त्याचा गाभा आधीच सांगून ठेवतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एकदा त्याच उंचीवर दुसरी रात्र काढावी. डोके दुखणे, मळमळ, जेवण नकोसे होणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर झोपायला जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर, बरळणे किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता न येणे ही जीवघेणी लक्षणे आहेत, आणि ती दिसताच रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरावे. ॲसिटाझोलामाइड हे औषध घरीच डॉक्टरांना विचारून ठरवावे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती आवर्जून सांगावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या उंचीवर वर्ज्य. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे गटात आपले डोके दुखते हे बोलून दाखवणे. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याला कौतुक मिळते, पण इथे ते जिवावर बेतते. म्हणून गटप्रमुखाने रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे.

मनांगहून दोन-तीन जादा दिवस असतील तर ४,९१९ मीटरवरील तिलिचो तलाव पाहून यावा. श्री खर्क ते तिलिचो बेस कॅम्प या पट्ट्यात वरून दगड घरंगळतात, तो सकाळी आणि न थांबता ओलांडावा. मुख्य वाट याक खर्कहून (४,०५० मीटर) थोरोंग फेदीकडे (४,४५० मीटर) जाते. फेदीच्या वर ४,८८० मीटरवर हाय कॅम्प आहे, पण ज्यांना जरासाही त्रास आहे त्यांनी फेदीलाच झोपावे.

खिंडीच्या दिवशी पहाटे चार-पाचच्या सुमारास निघावे, कारण सकाळ चढत जाते तसा वारा असह्य होतो. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे बूच गोठत नाही. नळीच्या पिशव्यांतील पाणी नळीतच गोठते. मोबाइल आणि बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात. खिंडीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो, तेव्हा दोन पावले टाकून एक श्वास घेण्याइतका वेग कमी झाला तरी चिंता करू नये. त्याच वेगाने न थांबता चालावे. पताकांनी झाकलेल्या त्या माथ्यावर फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत उतरणीला लागावे.

मुक्तिनाथ हे वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांपैकी एक आहे आणि बौद्धांसाठीही तितकेच पवित्र. मंदिरामागे अर्धवर्तुळात १०८ धारा आहेत, पाणी बर्फाचे आहे, आणि भाविक एकेका धारेखालून पळत जातात. खिंडीवरून थकून आलेल्यांनी त्या दिवशी केवळ पाणी डोक्याला लावावे आणि स्नान दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर करावे. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात नैसर्गिक वायूची ज्योत तेवत असते.

त्यानंतर झारकोटमार्गे कागबेनीला उतरावे. दोन नद्यांच्या संगमावरील या गावात पितरांचे श्राद्ध करण्यासाठी दुरून लोक येतात, आणि काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम सापडतात, जे एकेकाळी इथे समुद्र असल्याची साक्ष देणारे जीवाश्म आहेत. या खोऱ्यात सकाळी दहा-अकरानंतर खालून जोराचा वारा सुटतो आणि धूळ डोळ्यांत जाते. चाल सकाळी लवकर संपवावी. जोमसोमचे विमान याच वाऱ्यामुळे फक्त सकाळी उडते. पुढे मार्फाला एक रात्र राहावेच. पांढऱ्या चुन्याची घरे, फरसबंद अरुंद गल्ल्या, फरशीखालून वाहणारे पाण्याचे पाट आणि सफरचंदाच्या बागा असलेले हे थकाली लोकांचे गाव आहे. एखाद्या थकाली घरात चुलीजवळ बसायला मिळाले तर भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने लावलेली घासून लख्ख केलेली पितळी भांडी पाहावीत, आणि फापराचे ढिंडो (पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा), गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) व डाळ असे जेवण मागावे. कळण्याची भाकरी खाणाऱ्याला ते परके वाटत नाही.

बहुतेक लोक जोमसोमहून जीप पकडतात, आणि वेळ संपला असेल तर त्यात काही वावगे नाही. जीपने घासा ओलांडून तातोपाणीला (१,१९० मीटर) उतरल्यास तिथल्या गरम कुंडांत पाय सैल करता येतात, आणि दिवस उरले असतील तर तिथून घोरेपाणीवर चढून पून हिलवरून सूर्योदयाला धौलागिरी आणि अन्नपूर्णा दोन्ही पाहता येतात. तातोपाणी ते घोरेपाणी हा जवळजवळ १,७०० मीटरचा चढ एकाच दिवसात न करता शिखाला थांबून दोन दिवसांत करावा. पोखऱ्यात पोहोचल्यावर परतीच्या गाडीपूर्वी दोन दिवस शिल्लक राहतील असेच आरक्षण करावे. बर्फामुळे खिंडीखाली थांबावे लागले तर तेच दिवस कामी येतात, आणि तिकिटाच्या तारखेपायी वाईट हवेत खिंड चढण्याचा मोह होत नाही.